तोंड दाखवून बोल

विमानाच्या पंख्यापुढे उभं राहण्याआधी ब्लाझेय काका बोटातली लग्नाची अंगठी काढून हँगरच्या दारामागच्या खिळ्याला अडकवत. खिळ्याला अंगठी दिसली की आम्ही समजायचो, काका कामावर आहेत. मग बाह्या कोपराच्या वर, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, खिसे रिकामे, गळा उघडा. मोरावा नदीवरचा मार्चमधला वारा हाडांत शिरत असला तरी मफलर नाही. त्यांची बायको आनेश्का दर हिवाळ्यात त्यांच्यासाठी एक मफलर विणायची आणि तो दर हिवाळ्यात आमच्यापैकी कोणाच्या तरी गळ्यात जायचा. माझ्याकडे असे दोन होते.

आमच्या क्लबाचं विमान पिवळं, दोन सीटांचं, माझ्यापेक्षा वयाने मोठं होतं. बिनइंजिनाच्या ग्लायडरांना दोर लावून वर ओढून न्यायचं हे त्याचं काम. बटण दाबून सुरू होण्याची सोय त्यात नव्हतीच. कोणीतरी पुढे उभं राहून लाकडी पंख्याचं पातं हाताने खाली ओढायचं, इंजिनाने पेट घेतला की त्याच क्षणी मागे सरकायचं. मागे सरकायला जो उशीर करेल त्याचा हात, नाहीतर डोकं. इंजिन अगदी संथ चालत असलं तरी पंखा सेकंदात दहा-बारा फेरे घेतो, आणि फिरायला लागला की तो दिसेनासा होतो. मला त्याची सगळ्यात जास्त भीती वाटायची ती याच गोष्टीमुळे. जे दिसत नाही त्यापुढे माणूस निर्धास्त उभा राहतो.

शनिवारी उडायला येणारी मी एरवी जनावरांची डॉक्टर. घोडा लाथ मारतो तेव्हा आधी कान मागे टाकतो, गाय शेपूट झटकते, बोकड निदान तोंड तरी वाकडं करतो. पंखा काहीच करत नाही. हे मी एकदा काकांना बोलून दाखवलं तर म्हणाले, "म्हणून मी त्याच्याशी बोलतच नाही. मी आत बसलेल्या माणसाशी बोलतो."

हे बोलणं म्हणजे दोनच शब्द. विप्नुतो म्हणजे बंद, झाप्नुतो म्हणजे चालू. पुढे उभा असलेला विचारणार, "विप्नुतो?" आत बसलेल्याने डोक्यावरचा इंजिनाचा खटका बंद करायचा, बघायचा आणि तोच शब्द परत द्यायचा. मग पुढचा माणूस पात्याच्या आणखी जवळ येतो, पंजा पात्यावर वाकवतो आणि पंखा हळूहळू चार वेळा फिरवतो, इंजिनात पेट्रोल ओढलं जावं म्हणून. त्या वेळी तो पंख्याच्या फेऱ्यात अर्धा आत असतो. मग तो मागे होतो, पाय रोवतो आणि विचारतो, "झाप्नुतो?" आता मात्र बोटं न वाकवता, नुसत्या तळव्याने एक झटका आणि लगेच मागे. चुकून पहिल्या वेळी खटका चालू राहिला तर जवळ वाकलेल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. आणि आमच्या भाषेने या दोन उलट गोष्टींना शेपूट एकच लावून ठेवलंय. वाऱ्याने पुढचं अक्षर खाल्लं की दोन्हींचं फक्त 'प्नुतो' उरतं. दुसऱ्या देशांतले लोक अशा जागी मुद्दाम न जुळणारे शब्द वापरतात म्हणे. आम्ही नाही. आमच्या आजोबांनी हेच शब्द वापरले, आम्हीही तेच वापरणार, आणि वर त्याला शिस्त म्हणणार.

काकांचं मात्र नुसत्या शब्दावर भागत नसे. तरुणपणी ते शेतांवर औषध फवारणाऱ्या विमानांचे मेकॅनिक होते. तिथला त्यांचा जोडीदार व्हेन्देलीन जेवणाच्या सुट्टीत पंख्याला कोपर टेकून गप्पा मारत उभा राहिला. खटका बंद होता. पण खटक्याची तार आतून तुटलेली होती, म्हणजे ठिणगी बंद झालीच नव्हती, आणि इंजिन नुकतंच उतरल्यामुळे गरम होतं. पातं चार बोटं हललं आणि इंजिनाने एक उचकी दिली, फक्त एक. व्हेन्देलीनचा हात कोपरापासून गेला. तेव्हापासून काका बंद पंख्यालाही चालूच धरून चालत. त्याच्या फेऱ्यातून कधी जात नसत, पलीकडे जायचं तर पंखाच्या टोकाला वळसा घालून जात. विमानाचा पंख आणि पुढचा पंखा यांत आमच्या गावातल्या बायका गोंधळ करायच्या, तेव्हा ते म्हणायचे, एकावर बसता येतं, दुसरा बसतो.

त्यांचा सगळ्यात कडक नियम निराळाच होता. "तोंड दाखवून बोल." आत बसलेल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढायचं, त्यांच्याकडे सरळ बघायचं आणि मग शब्द म्हणायचा. मान खाली घालून, खटक्याकडे बघत म्हटलेला शब्द ते घेतच नसत. हात मागे बांधून तसेच उभे राहत. आमच्या क्लबाचा प्रमुख रोस्तिस्लाव, उंच, मिशाळ, घाईखोर माणूस, एकदा वैतागून म्हणाला, "काका, हे लग्न लागतंय का? एकदा हो म्हटलं, आता किती वेळा म्हणू?" काका म्हणाले, "लग्नात चुकून हो म्हटलं तर हात शाबूत राहतात." सगळे हसले. नंतर रोस्तिस्लावने मिश्या कातरल्या, कारण काका म्हणाले की तुझ्या ओठांवर गवत वाढलंय. तेही आम्ही थट्टेवारी नेलं.

हा नियम जेमतेम दोन वर्षांपूर्वी सुरू झाला होता. त्याचं कारण विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. शिस्तीचा माणूस म्हातारपणी जास्त कडक होतो, इतकंच आम्ही धरून चाललो.

माझा स्वभाव तसा काळजी करण्याचा नाही, चिडण्याचा आहे. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात कुरतडत राहिली. काका गावाच्या वाद्यवृंदात सिम्बालोम वाजवत. संतुरासारखं, पण टेबलाएवढं वाद्य, दोन काठ्यांनी वाजवायचं. शरद ऋतूतल्या होदीच्या जत्रेत गावातल्या पोरी फुलांचे घागरे घालून नाचतात, त्या काकांच्या काठ्यांवर नाचत. त्या वर्षीच्या होदीला त्यांनी वाद्य सोडलं. खांदा दुखतो म्हणाले. पण दर शनिवारी त्याच खांद्याने ते पंखा ओढत होते आणि तिथे खांदा हूं की चूं करत नव्हता. आणि त्या होदीला ते वाद्यवृंदाशेजारी बसून पायाने ताल देत होते तो ताल दुसऱ्याच गाण्याचा होता. मी बघितलं आणि कानाडोळा केला. चारचौघांत काय बोलणार?

पुढच्याच आठवड्यात हँगरमध्ये त्यांना तीन हाका मारल्या. ते माझ्याकडे पाठ करून फ्लॅनेलच्या कपड्याने पातं पुसत होते. ओ नाही. माझं डोकं फिरलं. हातातला पाना त्यांच्या मागच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये फेकला. असा खणखणाट झाला की आढ्यावरच्या चिमण्या उडाल्या. काकांचा हात पात्यावरून तितक्याच सावकाश फिरत राहिला. मी पुढे गेले, माझी सावली पात्यावर पडली, तेव्हा ते वळले आणि हसून म्हणाले, "केव्हा आलीस?"

माझ्याकडे म्हातारे कुत्रे घेऊन लोक येतात. कौतुकाने सांगतात, हल्ली फार शहाणा झालाय हो, माझ्या तोंडावरून नजर हलवत नाही. मी कुत्र्याच्या मागे जाऊन टाळी वाजवते आणि मग मालकाला खाली बसायला सांगते. त्या दिवशी मला स्वतःलाच खाली बसावंसं वाटलं.

काकूंची शेळी व्यायला झाली होती, ते निमित्त काढून त्यांच्या घरी गेले. शेळीला काही झालं नव्हतं हे आनेश्का काकूंनाही माहीत होतं. त्यांनी कोलाच, खसखशीचे गोड पाव, पुढे ठेवले आणि आपण होऊन म्हणाल्या, "आमच्यात हल्ली भांडणं होत नाहीत, डॉक्टरीणबाई. चाळीस वर्षं मी स्वयंपाकघरातून भांडले. आता भांडायचं तर हातातलं काम टाकून समोर जाऊन उभं राहावं लागतं. तोवर राग निघून जातो." एवढं बोलून त्यांनी ताटातला चुरा बोटाने गोळा केला. मग म्हणाल्या, "त्यांना तिथून हलवू नका. आणि तिथे उभंही राहू देऊ नका. मला दोन्ही हवंय, काय करू?"

काकांशी बोलायला मी हँगरमागच्या बाकावर गेले. ते पावाला चरबी फासून वर कांदा ठेवून खात होते. मी समोर बसले, शेजारी नाही. त्यांना तेवढ्यावरून कळलं.

"आनेश्का बोलली?"

"नाही. मी पाना टाकला होता."

"कोणता?"

"सतरा नंबरचा."

त्यांनी मान हलवली. "तो वाजतो खरा." कांद्याची फोड पावावर नीट बसवली. "रोस्तिस्लावला सांगणार?"

"सांगायलाच हवं, काका."

"छत्तीस वर्षं मी या ना त्या पंख्यापुढे उभा आहे. ऐकू येत होतं तेव्हा दोनदा वाचलोय, नशिबाने. गेल्या दोन वर्षांत एकदाही तशी वेळ आली नाही. वि म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. झा म्हणताना तोंड उघडतं. वारा त्याला काही करू शकत नाही. तुम्ही सगळे ऐकता आणि अर्धं मनाने भरता. मी बघतो." मग आवाज खाली आला. किती खाली आला ते त्यांना कळत नसावं, कारण मला पुढे वाकावं लागलं. "सिम्बालोम गेलं, पोरी. हेही आजच नको. पुढचा एक हंगाम. मग मी स्वतः सोडतो."

मी कबूल केलं. का केलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. त्यांच्या बोटांना कांद्याचा वास येत होता आणि ती बोटं दहाच्या दहा जागेवर होती, तेवढंच मला दिसत होतं. एकच अट घातली. जमेल तेव्हा आत मी बसणार.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. माझा दवाखाना विमानतळापासून तीन किलोमीटरवर. वारा इकडचा असला की इंजिन सुरू होताना ऐकू यायचं. एक खोकला, दुसरा खोकला, मग घरघर. घरघर सुरू झाली की मी पुढचं काम करायची. कधी दोन खोकल्यांनंतर शांतता पसरायची. हातात इंजेक्शन, समोर गाय, गायीचा मालक माझ्याकडे बघतोय आणि मी खिडकीकडे. एकदा तर मी गाय तशीच सोडून क्लबात फोन लावला आणि हवा कशी आहे म्हणून विचारलं. रोस्तिस्लाव म्हणाला, "तुझ्या खिडकीतून दिसत नाही का? अगं, येत नाहीस त्या दर शनिवारी हवेची चौकशी करतेस. माझ्यावर लक्ष ठेवतेस की विमानावर?" त्याची बायको आसपास असणार, म्हणून मोठ्याने म्हणाला. मी फोन आपटला. रात्री झोपेत मी नवऱ्याला "दात दाखव" म्हटलं म्हणे.

जमेल तितके शनिवार मी आत बसले. बसले की काकांच्या कानांकडे बघायची. कानांत काय दिसणार होतं? पण नजर तिथेच जायची. कोणी मागून गाडी आणली, कोणी ग्लायडर ढकलत नेला, की मला घाम फुटायचा. मी शब्द ओरडून म्हणायला लागले. काका हाताने खूण करत, हळू, हळू. ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं, आणि वेडंवाकडं तोंड वाचता येत नाही. तरी मी ओरडायचीच.

हिवाळ्यात उडणं बंद राहिलं, मग मार्चमधला पहिला उडायचा शनिवार आला. नदीकडून वारा, गवत ओलं. काकांनी पंख्यापुढे चुलीतली राख पसरली, पाय घसरू नये म्हणून. चाकांपुढे ठोकळे लावले, शेपटीचा दोर जमिनीतल्या लोखंडी कडीला बांधला, दोनदा ओढून बघितला. अंगठी खिळ्याला होती. मी आत, खिडकी उघडी, पाय ब्रेकवर. पंखाच्या टोकाशी रोस्तिस्लाव उभा, वाऱ्याने पंख उचलला जाऊ नये म्हणून धरून.

विप्नुतो झालं. काकांनी चार वेळा पातं फिरवलं. झाप्नुतो झालं. पहिला झटका, काही नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा झाप्नुतो म्हटलं. दुसरा झटका. पुन्हा तेच. तिसरा. हिवाळाभर थंड पडलेलं इंजिन नुसतं टिक टिक करत होतं. तीनदा झालं नाही की पुन्हा पहिल्यापासून, हा काकांचा नियम. खटका बंद करायचा आणि परत पेट्रोल ओढून घ्यायचं.

काका मागे झाले, तळव्यांवर फुंकर घातली. त्यांच्या मागून ग्लायडर ओढणारा ट्रॅक्टर जात होता, तसा लांबूनच. माझी नजर ट्रॅक्टरवर. हा वळणार तर नाही? काकांना तो कळलाय का? तेवढ्यात काका पात्याच्या जवळ आले, गुडघे वाकवले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "विप्नुतो?"

मी डोकं बाहेर काढलं आणि सगळी ताकद लावून उत्तर दिलं.

काकांचे हात पात्याकडे निघाले होते, ते तिथेच थांबले. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर केले आणि एक पाऊल मागे, दुसरं मागे, तिसरं मागे. मग पंखाच्या टोकाला, रोस्तिस्लावच्या मागून वळसा घालून माझ्या खिडकीशी आले.

"काय म्हणालीस?"

"विप्नुतो."

"नाही. झाप्नुतो म्हणालीस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "काका, माझ्या तोंडातून काय गेलं ते मला कळतं. तुम्हाला कुठे—"

पुढचं गिळलं. पण त्यांनी ते ओठांवर बघितलंच. चेहरा जरासुद्धा न हलवता म्हणाले, "वर बघ."

मी वर बघितलं. खटका चालू होता. माझं बोट त्याच्यावर होतं आणि ते हललंच नव्हतं. तीनदा म्हटलेला शब्द जिभेवर बसला होता, चौथ्यांदा तोच निघाला, आणि माझ्या कानांनी मला हवा तो ऐकला.

"राहू दे चालू," काका म्हणाले. "ब्रेक दाबून धर." ते परत तसाच वळसा घालून पुढे गेले. लांब उभे राहिले, पाय रोवले, विचारलं, मी उत्तर दिलं, आणि त्यांनी पात्याला नुसता तळवा लावून ओढलं. तीन झटक्यांना न जुमानलेलं इंजिन या वेळी एका हिसक्यात पेटलं. काचेपलीकडे पातं दिसेनासं झालं. राखेत त्यांच्या आधीच्या पावलांचे ठसे होते, गुडघे वाकवून उभे राहिले होते तिथले, आणि वाऱ्याने राख उडून ते ठसे पुसले जात होते. ते ठसे पंख्याच्या किती जवळ होते ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. मी खटका बंद केला, खाली उतरले आणि चाकाशेजारी ओकले.

क्लबाच्या खोलीत रोस्तिस्लावने आमच्यापुढे कॉफी ठेवली. त्याने मला बाहेर ओकताना बघितलं होतं आणि त्याला भलतंच वाटलं होतं. तो काकांकडे वळला आणि फार हळुवारपणे म्हणाला, "काका, आज तुम्हाला ऐकू आलं नाही ना? तिने सांगितलं एक आणि तुम्ही घेतलं दुसरं. मी बरेच महिने बघतोय."

मला वाट मोकळी करून दिली होती त्याने, न कळत. म्हातारा माणूस, गेलेले कान, चूक त्याची. मी गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. आणि मी गप्प बसले, हेही सांगते. कॉफीचा एक घोट घेण्याइतका वेळ. त्या एका घोटाची मला अजून लाज वाटते.

मग म्हटलं, "चूक माझी. त्यांनी बंद आहे का विचारलं, मी चालू म्हणाले. आणि खटका चालूच होता."

रोस्तिस्लावच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मी तुझ्यापासून दहा पावलांवर होतो. मला नुसतं प्नुतो ऐकू आलं. काका पुढे होते, वाऱ्यात. त्यांना कसं कळलं?"

आता काही बोलले तर त्यांचं गुपित जाणार होतं, आणि न बोलले तर माझं सांगणं त्याला म्हाताऱ्यावर दया करून मारलेली थाप वाटणार होती.

"मी ऐकलं नाही," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली, मला इंजिनसुद्धा पायांतून कळतं. मी बघितलं. वि नव्हता, झा होता." आणि वर, "हे नीट लक्षात ठेव, रोस्तिस्लाव. ऐकू येणारा माणूस आत बसला होता. उद्या तुमच्यापैकी कोणी तिथे उभं राहील, तर तो ऐकेल, बघणार नाही. म्हणून सांगतोय, नाहीतर नसतं सांगितलं."

रोस्तिस्लाव वाईट माणूस नाही. त्याने बराच वेळ दोन्ही हातांनी तोंड धरून ठेवलं. मग हात बाजूला केले, काकांना ओठ दिसावेत म्हणून, आणि म्हणाला, "आज तुम्ही वाचलात कारण ती समोर होती. मागून ट्रॅक्टर वळला असता आणि मी बाजूला व्हा म्हणून ओरडलो असतो तर?"

काकांना याचं उत्तर माहीत होतं, मलाही माहीत होतं. गेले पाच महिने माझी झोप तेवढ्यावरच उडाली होती. त्यांनी कॉफी संपवली, कप धुऊन पालथा ठेवला, हँगरमध्ये गेले आणि खिळ्यावरची अंगठी काढली. थंडीने सांधे सुजले होते, अंगठी बोटात जाईना. त्यांनी बोट तोंडात धरून ओलं केलं आणि ती पिरगाळून चढवली. मग सायकल घेतली आणि निघाले.

मी दारात उभी होते. "काका, माझं चुकलं," मी म्हटलं. ते फाटकापाशी पोचले होते, त्यांची पाठ माझ्याकडे. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मग ओरडून म्हटलं. सायकल पॉपलरच्या झाडांच्या रांगेतून सावकाश पुढे जात राहिली. जगातली सगळी क्षमा मी त्या पाठीला मागितली असती तरी ती पाठच होती.

मी गाडी काढली. त्यांना मागे टाकलं, दोनशे पावलं पुढे थांबवली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. त्यांनी ब्रेक लावला, एक पाय खाली टेकला. मी गळ्यातला आनेश्का काकूंचा मफलर खाली ओढला आणि त्यांच्याकडे सरळ बघत, न ओरडता म्हटलं, "माझं चुकलं, काका. आणि कॉफी पिताना मी गप्प बसले, तेही."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"गप्प बसलीस ते मला कळलंच," ते म्हणाले. "तेही दिसतं." आणि हाताने बाजूला हो अशी खूण करून पायडल मारलं.

याला नऊ वर्षं झाली. काका शनिवारी कुंपणाशी बाकावर येऊन बसतात. काकू शेजारी मटार सोलतात आणि काही सांगायचं असलं की उठून त्यांच्या समोर उभ्या राहतात. पिवळ्या विमानाला अजून बटण नाही. पंख्यापुढे आता मी उभी राहते. माझी अंगठी दारामागच्या त्याच खिळ्याला असते. शब्द विचारण्याआधी दर वेळी मला भीती वाटते. ती जाईल अशी मी पूर्वी वाट बघायची, आता बघत नाही.

गेल्या शनिवारी आत रोस्तिस्लाव होता. मी विचारलं, त्याने खटक्याकडे बघत शब्द म्हटला, अगदी खणखणीत. मी हात मागे बांधून उभी राहिले.

"विप्नुतो म्हटलं की मी," तो म्हणाला.

"तोंड दाखवून बोल."

"अगं, पण तुला तर ऐकू येतं."

"त्या दिवशीही मला येत होतं," मी म्हटलं.

त्याने डोकं बाहेर काढलं.